सीरो सर्वेक्षण, पिंपरी-चिंचवड

साथीत किती लोकांना विषाणूची लागण होऊन गेली, हे रक्तातील प्रतिपिंडांवरून म्हणजे अँटीबॉडींवरून ताडणारी पाहणी. स्वॅबच्या चाचणीतून आज विषाणू आहे की नाही एवढेच कळते. लक्षणे न जाणवलेला, चाचणीच्या रांगेत कधी उभाच न राहिलेला माणूस तिच्या हिशेबाबाहेर राहतो. लागणीनंतर साधारण दोन आठवड्यांत दिसू लागणारी आणि काही महिने टिकणारी आयजीजी प्रतिपिंडे मात्र त्याचाही माग देतात. कोविडसाठी ती शोधणारा ‘कोविड कवच एलायझा’ हा संच पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० च्या मे महिन्यात तयार केला.

पिंपरी-चिंचवड महापालिकेने डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाच्या साथीने ऑक्टोबर २०२० मध्ये, पहिली लाट ओसरत असताना, ५,००० जणांचे रक्त तपासले. सुमारे ३४ टक्क्यांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली. झोपडपट्ट्या आणि चाळी-बैठी घरे जवळपास ३८ टक्क्यांवर होती, सोसायट्या २८ च्या आसपास. धोका काय तो झोपडपट्टीत, असे मानणाऱ्याला चाळींचा आकडा खटकावा. मुंबईत जुलै २०२० मध्ये तीन प्रभागांत झालेल्या पाहणीत झोपडपट्टीत ५७ आणि इतरत्र १६ टक्के अशी दरी होती. पिंपरी-चिंचवडमध्ये ती बरीच अरुंद दिसते.

दुसऱ्या लाटेनंतर, जून २०२१ मध्ये, सुमारे १०,००० नमुन्यांत हे प्रमाण ८१ टक्क्यांवर गेले. पण १६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झाले होते आणि लसीनेही प्रतिपिंडे तयार होतात. त्यामुळे ८१ मधून ३४ वजा करून ‘एवढ्यांना नवी लागण झाली’ म्हणणे चूक.

अशा पाहणीत रक्त घेतले जाते ते राहत्या पत्त्यावर. शहरातील भोसरी किंवा चिखलीत राहून चाकणच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या कामगाराला लागण घरी झाली, कंपनीच्या बसमध्ये की कँटीनमध्ये, हे तिच्यातून उलगडत नाही. शिवाय चाकण पडते खेड तालुक्यात, महापालिकेच्या हद्दीबाहेर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) राष्ट्रीय सीरो पाहणीचाही इथे उपयोग नाही: तिच्यासाठी महाराष्ट्रातून बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर आणि जळगाव हे जिल्हे निवडले होते, पिंपरी-चिंचवड ज्यात येते तो पुणे जिल्हा नव्हे.