वृक्षांभोवतीचे काँक्रीटीकरण

वृक्षांभोवतीचे काँक्रीटीकरण म्हणजे रस्ता, पदपथ, वाहनतळ किंवा अंगण बांधताना झाडाच्या बुंध्यालगतची जमीन सिमेंट, डांबर वा पेव्हर ब्लॉकने झाकून टाकणे होय. त्यामुळे मुळांना हवा व पाणी मिळेनासे होते, झाड दुर्बळ होते आणि पावसाळ्यात ते उन्मळून पडण्याचा धोका वाढतो. फरसबंदीखालीही झाडे जोमाने वाढावीत यासाठी काही पद्धती विकसित झाल्या आहेत.

कारणे व परिणाम

सुपीक मातीच्या आकारमानाचा सुमारे निम्मा भाग पोकळ्यांचा असतो. या पोकळ्यांतील हवेतून मुळे प्राणवायू घेतात व पाण्यातून क्षार शोषतात. झाडाची बहुतेक शोषक मुळे जमिनीच्या वरच्या सुमारे ६० सेंटिमीटर थरात असतात व फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. रस्ता खचू नये म्हणून नेमका हाच थर धुमस व रोलरने दाबला जातो. दाबलेल्या मातीत मुळे शिरू शकत नाहीत. ती फरशीच्या लगत खाली साचणाऱ्या ओलाव्याकडे वळतात व वाढताना फरशा उचलतात. नळ वा तारांसाठी चर खणताना आधाराची मुळे तुटतात. पाने हिरवी दिसत असतानाही झाडाचा आधार कमकुवत झालेला असू शकतो.

उपाय

* मोकळे आळे : बुंध्याभोवतीची जमीन खुली ठेवून तीवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालणे. हा सर्वांत सोपा उपाय आहे.
* खडीमिश्रित माती : अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९९० च्या दशकात विकसित झालेल्या या मिश्रणात वजनाने सुमारे ८० टक्के खडी व २० टक्के माती असते. भार खडी पेलते. खडीच्या फटींतील सैल मातीत मुळे वाढतात.
* दगडी थर : स्वीडनमधील स्टॉकहोम शहरात मोठ्या दगडांच्या थरात माती भरतात आणि रस्त्यावरील पावसाचे पाणी व हवा त्यात सोडतात.
* आधारचौकटी : फरशीचा भार चौकटींवर घेऊन आतील माती न दाबता भुसभुशीत ठेवणे.

जुन्या झाडाभोवतीचे काँक्रीट काढताना यंत्राने मुळे दुखावू नयेत म्हणून हाताने काम करणे हितावह असते.

कोकणातील स्थिती

नारळ-सुपारीच्या वाड्यांत झाडाभोवती आळे करण्याची रीत जुनी आहे. रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यातील काशीद येथील समुद्रकिनारा सुरूच्या झाडांसाठी प्रसिद्ध आहे. वाळूत हवा व पाणी सहज खेळत असल्याने सुरू तेथे चांगला वाढतो. मात्र ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात रायगड किनाऱ्यावरील असंख्य झाडे पडली. यावरून मोकळी जमीनही वादळात झाड उभे राहण्याची हमी देत नाही, हे दिसते. तथापि मुळांचा पसारा फरसबंदीने रोखला गेलेले झाड त्याहून कमी वेगाच्या वाऱ्यातही कोसळू शकते. म्हणून पर्यटनस्थळी वाहनतळ व पदपथ आखतानाच झाडांसाठी मोकळी जमीन राखणे आवश्यक ठरते.

कायदेशीर तरतुदी

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार नागरी क्षेत्रांत वृक्ष प्राधिकरणे स्थापन झाली. या अधिनियमात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडास कोणत्याही प्रकारे इजा करण्याचाही समावेश आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला. मुंबईतही महानगरपालिकेने झाडांची मुळे मोकळी करण्याच्या मोहिमा राबवल्या आहेत. अशा मोहिमांचा लाभ टिकण्यासाठी नव्या बांधकामात तेच काँक्रीट पुन्हा घातले जाणार नाही, याची दक्षता घ्यावी लागते.