प्लुंगे

लिथुएनियाच्या वायव्य भागातील, झेमाइतिया (समोगितिया) या ऐतिहासिक प्रदेशातील एक शहर आणि त्याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या सु. 23,400 (2001), स्थलांतर व घटता जन्मदर यांमुळे ती त्यानंतर बरीच उतरली आहे. बाल्टिक किनाऱ्यावरील क्लायपेडा बंदरापासून रस्त्याने सु. 60 किमी., तर राजधानी व्हिल्निअसपासून सु. 290 किमी. अंतरावर हे बाब्रुंगस नदीकाठी वसले आहे. ही नदी उत्तरेकडील प्लातेल्याय सरोवरातून निघते आणि शहर ओलांडल्यावर मिनिया नदीस मिळते. प्रशासकीय दृष्ट्या हे तेल्शाय काउंटीत मोडते. काउंटींची प्रशासने 2010 मध्ये बंद झाली असली, तरी प्रादेशिक विभाग म्हणून त्या कायम आहेत.

शहराजवळच गांदिंगा येथे एक प्राचीन टेकडी-किल्ला आहे. चारी बाजूंनी उतार तासून माथ्यावर लाकडी तटबंदी उभारायची, अशी या प्रदेशातील जुन्या गढ्यांची रीत होती. लाकूड अर्थातच उरलेले नाही. गवताने झाकलेला टप्प्याटप्प्यांचा उंचवटा एवढेच आज दिसते, आणि माहिती नसलेला प्रवासी त्याच्या पायथ्यावरून सरळ निघून जातो. झेमाइतियाने ख्रिस्ती धर्म फार उशिरा, 1413 ते 1417 या काळात स्वीकारला. युरोपात सर्वांत उशिरा बाप्तिस्मा झालेल्या प्रदेशांपैकी हा एक. विजेचा देव पेर्कूनास याचे नाव लावलेला एक जुना ओक वृक्ष प्लुंगेच्या उद्यानात अजून उभा आहे. त्याखाली देवाची धुनी पेटत असे, असे लोक सांगतात. याला लिखित पुरावा नाही.

प्लुंगेला 1792 मध्ये माग्डेबुर्ग कायद्यानुसार नगराचे हक्क मिळाले. तीनच वर्षांनी पोलंड-लिथुएनियाच्या तिसऱ्या फाळणीत हा सारा मुलूख रशियाच्या झारकडे गेला. सम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिच्या मर्जीतला प्लातोन झुबोव्ह याने 1806 मध्ये येथील जहागीर घेतली व ती 1873 पर्यंत त्याच्या घराण्यात राहिली. झुबोव्हांच्या काळातील एक ठळक वास्तू आजही टिकून आहे : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बांधलेले मनोऱ्याचे घड्याळघर. फ्लॉरेन्समधील पालात्सो व्हेक्कियो या नगरसभागृहाची ही छोटी प्रतिकृती. खालचा भाग चौरस व भरीव. त्यावर पुढे झुकलेला दातेरी कठडा आणि त्यातून वर निघालेला बारीक मनोरा. इटलीच्या उन्हात जन्मलेला हा आकार उत्तरेकडील बर्चच्या झाडांमध्ये प्रथमदर्शनी विजोड वाटतो, पण प्रमाणबद्धतेत कुठे चुकलेला नाही. जिल्ह्याचे सार्वजनिक ग्रंथालय आता याच इमारतीत आहे.

प्लुंगेची खरी ओळख मात्र ओगिन्स्की घराण्यामुळे. राजकारणी व संगीतकार मिखाल क्लेओफास ओगिन्स्की (1765–1833) याची ‘मायदेशाचा निरोप’ या नावाने ओळखली जाणारी पोलोनेझ पोलंड, लिथुएनिया व बेलारूस या तिन्ही देशांत आपली मानली जाते. त्याचा मुलगा इरेनेयुस (1808–63) याने प्लुंगेच्या दक्षिणेकडील रिएतावस ही जहागीर सांभाळली, आणि इरेनेयुसच्या दोन मुलांनी, बोग्दान (1848–1909) व मिखाल मिकोलाय (1849–1902) यांनी, अनुक्रमे रिएतावस व प्लुंगे ही दोन ठिकाणे नावारूपास आणली. दोघांची आई ओल्गा कालिनोव्स्का पूर्वी पीटर्सबर्गच्या दरबारात होती. राजपुत्र अलेक्झांडर (पुढे झार दुसरा अलेक्झांडर) तिच्या प्रेमात पडला म्हणून तिचे घाईने लग्न लावून देण्यात आले. यावरून बोग्दानच्या जन्माविषयी परिसरात अजूनही कुजबुज चालते. लग्न 1840 चे व जन्म 1848 चा. कुजबुजीला आधार नाही.

धाकट्या मिखालने 1873 मध्ये झुबोव्हांकडून प्लुंगे विकत घेतले. बर्लिनचा वास्तुरचनाकार कार्ल लोरेंझ याच्या आराखड्यानुसार 1879 मध्ये नव-प्रबोधन शैलीतील राजवाडा पूर्ण झाला. मार्गदर्शिकांमधून त्याला ‘झेमाइतियाचे व्हर्साय’ म्हटले जाते. हे कौतुक अंमळ जास्त आहे. वाडा दोन मजली, रेखीव आणि आटोपशीर आहे. दबदब्यापेक्षा नेटकेपणा हाच त्याचा गुण. खरा दिमाख सु. 58 हेक्टरांच्या उद्यानाचा : बाब्रुंगसच्या दोन्ही काठांनी पसरलेली झाडी, नदीचे पाणी वळवून केलेल्या तळ्यांची मालिका, घोड्यांच्या पागा, फाटके, नोकरांची घरे. वाड्याच्या कारभाराला लागणाऱ्या इतक्या इमारती एकत्र टिकल्या आहेत असे लिथुएनियात थोड्याच ठिकाणी आढळते. पागांचेही महत्त्व आहे. ठेंगणा पण काटक असा झेमाइतुकास हा स्थानिक घोडा नामशेष होत असताना मिखालने त्याची पैदास येथे पद्धतशीरपणे सुरू केली, आणि ही जात वाचली याचे बरेचसे श्रेय त्याला दिले जाते.

वाड्यात वाद्यवृंद होता आणि त्याला जोडून संगीतशाळा. मुले बहुतेक आसपासच्या शेतकरी व कारागीर घरांतली. त्यांच्या शिक्षणाचा, राहण्याचा खर्च जहागिरीतून होई आणि त्या बदल्यात त्यांनी वृंदात वाजवायचे. लिथुएनियाचा सर्वांत मोठा संगीतकार व चित्रकार मिकालोयुस कोन्स्तान्तिनास च्युर्लियोनिस (1875–1911) हा 1889 ते 1893 या काळात येथे शिकला. ऑर्गनवादकाचा हा मुलगा दक्षिणेकडच्या द्रुस्किनिंकायचा. कुटुंबाच्या ओळखीतील एका डॉक्टरने त्याची शिफारस केली, तेव्हा तो तेरा-चौदा वर्षांचा होता. वृंदात तो बासरी वाजवी. रचना करण्याचे पहिले प्रयत्नही येथलेच. पुढे वॉर्सा येथील संगीतसंस्थेत आणि नंतर लाइपझिगला त्याने जे शिक्षण घेतले, त्याचा खर्च मिखालनेच उचलला. 1902 मध्ये मिखाल वारला. वृंद बंद झाला, लाइपझिगला जाणारे पैसे थांबले आणि च्युर्लियोनिसला परतावे लागले. यानंतर तो चित्रकलेकडे अधिकाधिक वळला. ज्या चित्रांना त्याने ‘सोनाटा’ असे नाव दिले ती याच पुढच्या वर्षांतली होत. त्याच्या बहुतांश चित्रांचा संग्रह कौनास येथे आहे. ती पाहण्यासाठी प्लुंगेला येणाऱ्यांची निराशा होते, म्हणून हे मुद्दाम नमूद केले.

वाड्याने पुढील शतकात बरेच सोसले. 1922 च्या जमीन सुधारणेत जहागिरीच्या जमिनी वाटल्या गेल्या. इमारत वेगवेगळ्या सरकारी कामांना वापरली गेली, सोव्हिएत अमदानीत तेथे शाळाही भरली. मूळ चीजवस्तू फारशी राहिली नाही. 1994 पासून येथे झेमाइतियाचे कलासंग्रहालय असून मूळच्या झेमाइतियाच्या, देशात व परदेशांत काम केलेल्या कलावंतांच्या कृती, तसेच लोककलेतील लाकडी शिल्पे त्यात आहेत. गोदेल्याय या खेड्यातील लोकशिल्पकार स्तानिस्लोवास रिआउबा (1904–82) याची शिल्पे पाहिल्याशिवाय संग्रहालयातून निघू नये. त्याच्या मूर्ती बुटक्या, मोठ्या डोक्यांच्या आणि थोड्या गोंधळल्यासारख्या चेहऱ्याच्या आहेत. रस्त्याकडेला, अंगणात, दफनभूमीत छपरी असलेले लाकडी खांब व क्रूस उभारण्याची ही परंपरा युनेस्कोने 2001 मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाचा नमुना म्हणून गौरविली.

रिएतावस (लोकसंख्या सु. 4,000 – 2001) येथे उलट प्रकार आहे. तेथे राजवाडा राहिलेला नाही. उरले ते फाटक, भिंती, उद्यान, पुन्हा उभी केलेली संगीतशाळा आणि चर्च. या गावाचा मान मात्र प्लुंगेपेक्षा जुना. झारने 1861 मध्ये भूदासपद्धती रद्द केली, त्याच्या आधीच इरेनेयुसने आपल्या कुळांची वेठ काढून खंड लावला होता. 1859 मध्ये त्याने येथे शेतकी शाळा काढली. लिथुएनियन भाषेतील पहिले पंचांगवजा कॅलेंडर 1846 पासून प्रसिद्ध करणारा लाउरिनास इविन्स्किस त्याच्या आश्रयाने येथे राहिला. ते कॅलेंडर 1864 नंतर थांबले, कारण लॅटिन लिपीतील लिथुएनियन छपाईवर झारशाहीने बंदी घातली. ती 1904 पर्यंत टिकली. बोग्दानने 1872 मध्ये येथे वाद्यवृंद सुरू केला, 1882 मध्ये रिएतावस–प्लुंगे–क्रेतिंगा अशी लिथुएनियातील पहिली टेलिफोनची तार टाकली आणि 17 एप्रिल 1892 रोजी, ईस्टरच्या दिवशी, चर्च, वाडा व उद्यान विजेच्या दिव्यांनी उजळले. आजच्या लिथुएनियाच्या हद्दीत सार्वजनिकरीत्या विजेचा दिवा लागला तो प्रथम या खेडेवजा गावात, कौनास वा व्हिल्निअस येथे नव्हे. लिथुएनियात ऊर्जा दिन याच तारखेस पाळतात.

ज्या चर्चमध्ये हे दिवे लागले ते संत मायकेलचे चर्च 1853 मध्ये बांधावयास घेतले व पूर्ण होण्यास वीस वर्षे लागली. आराखडा बर्लिनच्या नव्या संग्रहालयाचा रचनाकार फ्रीड्रिख आउगुस्ट श्ट्यूलर याचा. दोन उंच मनोरे, अर्धवर्तुळाकार कमानी. इतक्या लहान गावाला हे चर्च मोठे आहे, पण आतील हवा हलकी व उजेडाची असल्याने ते अंगावर येत नाही. प्लुंगेचे संत जॉनचे चर्च याच्या तुलनेत उशिराचे. त्याचे काम 1899 मध्ये सुरू झाले, देणगीदार मिखाल वारल्यावर रखडले आणि 1930 नंतर मार्गी लागले.

प्लुंगे हे ज्यूंचेही गाव होते. दोन महायुद्धांच्या दरम्यान येथील दुकाने, कार्यशाळा व लहान कारखाने यांत त्यांचा मोठा वाटा होता. जून 1941 मध्ये जर्मन फौजा आल्या, आणि जुलैच्या मध्यास शहराजवळ काउशेनाय येथे सु. 1,800 ज्यू स्त्री-पुरुष व मुले यांना गोळ्या घालण्यात आल्या. यात स्थानिक साथीदारांचाही हात होता. युद्धावरून परतलेला येथील लोकशिल्पकार याकोव्ह बुंका (1923–2014) याने त्या जागी ओकच्या लाकडाचे उंच स्मृतिस्तंभ कोरले व कोरवून घेतले. बळींची नावे असलेली भिंत नंतर उभारण्यात आली.

उत्तरेस प्लातेल्याय सरोवर (सु. 12 चौ. किमी.) असून त्याभोवतीचा प्रदेश 1991 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. प्लातेल्यायच्या जहागिरीचे मुख्य घर नष्ट झाले. धान्याच्या जुन्या कोठारात उझ्गावेनेस या लेंटपूर्व सणाचे लाकडी मुखवटे मांडले आहेत. गावातील लाकडी चर्च 1744 चे, तर जवळच्या बेर्झोरस येथील 1746 चे. दोहोंतील एकच पाहणे शक्य असल्यास बेर्झोरस निवडावे. तेथील लाकडी प्रार्थनाघरे, दफनभूमी व जलाशय एकमेकांना धरून आहेत. राष्ट्रीय उद्यानातील जंगलात प्लोक्श्तिने येथे सोव्हिएत लष्कराने 1960 ते 1962 मध्ये अण्वस्त्रवाहू आर-12 क्षेपणास्त्रांसाठी चार भुयारी विहिरी खोदल्या. तळ 1978 मध्ये बंद झाला. 2012 पासून तेथे शीतयुद्धाचे संग्रहालय आहे. जमिनीवर फक्त घुमटासारखी झाकणे दिसतात. आत अरुंद बोळांतून जाऊन कठड्यावरून एका विहिरीत डोकावता येते.

ईशान्येस झेमाइच्यू काल्वारिया हे तीर्थस्थान. बिशप येझी तिश्केविच याने 1637 मध्ये येथे डोमिनिकन साधूंना बोलावून क्रूसमार्गाची प्रार्थनाघरे बांधविली. येथील चर्चला 1988 मध्ये बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. सोव्हिएत काळात गावाचे नाव बदलून ‘वार्दुवा’ करण्यात आले. यात्रा थांबली नाही. येथील पदे ढोल व पितळी वाद्यांच्या साथीने गातात, आणि झेमाइतियात मयताच्या घरीही ती म्हटली जातात. पश्चिमेस सालान्तायजवळ ओर्विदास कुटुंबाचे शेतघर आहे. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी आसपासचे क्रूस व थडग्यांचे दगड हटविण्याचा सपाटा लावला तेव्हा या पाथरवट कुटुंबाने ते आपल्या अंगणात आणून ठेवले. मुलगा विलियुस (1952–92) याने त्यांत शिळा, ओंडके व स्वतःची कामे यांची भर घातली. नीट मांडणी नाही, पाट्या नाहीत. ज्यांना संग्रहालय हवे त्यांनी येथे येऊ नये.

अर्थव्यवस्था : पूर्वी तागासारख्या जवसाच्या धाग्यावर प्रक्रिया करून लिनन विणणे हा मुख्य उद्योग होता. आता मत्स्यप्रक्रिया, विशेषतः माशाच्या लगद्यापासून बनणारे सुरिमी पदार्थ, आणि लाकूडकाम.

तेल्शाय–क्रेतिंगा लोहमार्ग 1932 मध्ये सुरू झाल्यापासून प्लुंगे रेल्वेने जोडलेले असून व्हिल्निअस–क्लायपेडा गाड्या येथे थांबतात. रिएतावस, प्लातेल्याय व काल्वारिया यांना रेल्वे नाही आणि बसफेऱ्या मोजक्या आहेत, त्यामुळे ही सर्व ठिकाणे एका दिवसात पाहावयाची तर स्वतंत्र वाहन घ्यावे लागते. काल्वारियाची मोठी यात्रा दरवर्षी 2 ते 12 जुलै या काळात भरते.