व्हान्यामामा आणि बहिणीचा हिस्सा

चेकॉव्हचे ‘अंकल व्हान्या’ इंग्रजीतून वाचताना हा व्हान्या काका की मामा, हे चटकन कळत नाही. तो सोन्याच्या आईचा भाऊ, म्हणजे मामा. हे नाते ध्यानात घेतले नाही तर नाटकातली जखमच दिसत नाही.

नाटक १८९७ साली छापले गेले. १८९९ मध्ये ते मॉस्को आर्ट थिएटरने केले, डॉक्टर आस्त्रॉव्ह झाला होता स्तानिस्लाव्हस्की. बापाने मुलीच्या लग्नात जमीन घेऊन दिली. पैसे कमी पडले तेव्हा भावाने आपला वारसा बहिणीसाठी सोडला, वर दहा वर्षे राबून कर्जही फेडले. बहीण वारली. पुढे मामा-भाची शेत सांभाळून प्रोफेसर मेहुण्याला पैसे पाठवत राहिले. पंचवीस वर्षांनी मेहुणा म्हणतो, जमीन विकू आणि रोखे घेऊ. सत्तेचाळीस वर्षांचा व्हान्या पिस्तूल काढतो. दोन्ही गोळ्या चुकतात.

आम्हां पनवेल-तळोज्याकडच्या मंडळींना हे घर परके वाटत नाही. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नव्या शहरासाठी ९५ गावांची जमीन घ्यायचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात मोबदल्यासाठी लढताना पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले. त्यानंतर साडेबारा टक्के भूखंडांची योजना आली. भातशेती होती तोवर सासरी गेलेल्या बहिणीची कोणाला आठवण नव्हती. भूखंडासाठी वारसांची नावे लागली, तेव्हा ईदेला न बोलावलेल्या आपाकडे भाऊ हक्कसोडपत्र घेऊन गेले. तिनेही माहेर तुटू नये म्हणून सही केली.

कुरआनने मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे. १९३७ च्या शरियत कायद्याने वारशातला रिवाज बाजूला सारला, पण शेतजमीन वगळली. आमच्या घरांना ही फट फार सोयीची पडली. शेताचा भूखंड झाल्यावर तरी ती सबब उरायला नको होती.

व्हान्याने बहिणीसाठी हक्क सोडला, आमच्याकडे बहिणीच सोडत आल्या. म्हणून व्हान्याची कीव करताना आम्हांला थोडी लाजही वाटते.

आणि सोन्या? जमीन तिच्या आईची, म्हणून तिची. तिच्या संमतीशिवाय विकणार नाही, असे बापही म्हणतो. पण विकायची का, हे तिला कोणी विचारतच नाही. प्रोफेसर निघून जातात, दिवा लागतो आणि मामा-भाची तेलाचा, धान्याचा राहिलेला हिशेब लिहायला बसतात.