मोपाच्या पठारावरील वृक्ष

गोव्याच्या उत्तर सीमेवर, पेडणे तालुक्यात, मोपाचे जांभ्या दगडाचे पठार आहे, पलीकडे सिंधुदुर्ग. तेथील विमानतळाचा वाद जुना. त्या इतिहासात सर्वांत बोलका दस्तऐवज मला वाटतो तो एक साधा सरकारी अर्ज.

२८ ऑक्टोबर २०१५ रोजी प्रकल्पास पर्यावरणीय मंजुरी मिळाली. स्थानिक रहिवासी व 'फेडरेशन ऑफ रेनबो वॉरियर्स' ही संस्था हरित लवादाकडे गेली. २०१८ मध्ये तेथे निराशा झाली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २९ मार्च २०१९ रोजी मंजुरी स्थगित केली. पंधरा किलोमीटरच्या परिघातील सिंधुदुर्गाची संवेदनशील क्षेत्रे अर्जात नव्हती, आणि पठारावरील अर्ध्या लाखाहून अधिक वृक्षांचा धड उल्लेखही नव्हता! पॅरिस कराराच्या वर्षीच हा अर्ज मंजूर व्हावा, हा योगायोग विलक्षण खरा.

१६ जानेवारी २०२० रोजी स्थगिती उठली, ती अटींवर. विमानतळ 'शून्य कार्बन' राखण्याची हमी नोंदली गेली आणि देखरेख आली आपल्या नागपूरच्या 'नीरी'कडे. यवतमाळकरांस मोपा परके वाटू नये, ते एवढ्यासाठी. परंतु या 'शून्या'त इमारती, दिवे, वाहने मोजली जातात. धावपट्टी सोडल्यावर विमान जे इंधन जाळते, ते सहसा या हिशेबाबाहेरच राहते. या त्रुटीची चर्चा फारशी झाली नाही.

५ जानेवारी २०२३ पासून मोपावरून प्रवासी विमाने उडू लागली.