नखातली माती

मंडळी, गेल्या रविवारी मी चक्क कुंभारकाम शिकून आले! वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. भाचीने वाढदिवसाची भेट म्हणून परस्पर पैसे भरले होते, त्यामुळे नाही म्हणायची सोयच नव्हती. इथेच बोरीवलीत, आय.सी. कॉलनीत. आम्ही आठ जण आणि आठ विजेवरची चाकं.

शिकवणारी मुलगी म्हणाली, "काकू, मन भरकटलं की माती लगेच चुगली करते." अगदी खरं. गुडघा, गॅसचा नंबर, राहिलेलं वीजबिल, काहीही डोक्यात आलं की गोळा लटपटायचा. पाऊण तासाने तो एकदाचा चाकाच्या मधोमध बसला, आणि मिनिटभर डोक्यात खरोखर काही नव्हतं. शेजारच्या बाई गप्प गप्प होत्या. त्यांचं भांडं कोसळलं, पाठोपाठ माझंही, आणि आम्ही दोघी खळखळून हसलो. मग चहाच्या वेळी त्या आपणहून म्हणाल्या, महिन्यापूर्वी आई गेली. निघताना आम्ही एकमेकींचे फोन नंबर घेतले.

घरी आले, हात धुतले. नखातली माती काही केल्या निघेना. आणि बेसिनपाशीच एक जुनी गोष्ट आठवली.

१९८६ च्या सुमाराची असेल. मी पाचवीची वर्गशिक्षिका. प्रार्थनेनंतर मुलांची नखं तपासायची. एका मुलाची रोज मळलेली. वडील कुंभार, दिवाळी तोंडावर आलेली, घरात सगळेच पणत्यांना बसलेले. हे मला ठाऊक होतं. तरी मी त्याला वर्गासमोर उभं करून विचारलं, "घरी साबण नाही का रे?" मुलं हसली. तो काही बोलला नाही. नंतर वर्षभर तो माझ्या तासाला हात बाकाखाली धरून बसायचा.

आणि मी शिकवायची काय? इतिहास!

इनामगावाबद्दल तर मी किती रंगवून सांगायची. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी हे गाव. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ह्या मंडळींनी १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं तिथे खणलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती. चाकावर घडवलेली, काळ्या रेघांची तांबडी भांडी, ज्यांना जोर्वे भांडी म्हणतात, आणि ती भाजायची भट्टीसुद्धा सापडली. लहान मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवायचे आणि घरातल्या जमिनीखालीच पुरायचे. आईला लेकरू लांब न्यायचं नसेल, असं मला आपलं वाटतं. एका मोठ्या घराच्या अंगणात तर चार पायांच्या रांजणात बसवलेला मोठा माणूस मिळाला. म्हणजे पाण्यापासून मरणापर्यंत सगळ्याला कुंभार लागायचा. पण अभ्यासकांचा अंदाज असा, की कारागिरांची घरं वस्तीच्या पश्चिम कडेला होती आणि गावप्रमुखाचं मधोमध. भांडं घराच्या पोटात, भांडं घडवणारा कडेला!

मुंबईनेही हेच केलं. दक्षिण मुंबईत कुंभारवाडा हे नाव अजून आहे. पण शहर वाढत गेलं तसे कुंभार बाहेर सरकवले गेले, आणि १९३० च्या दशकात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची वस्ती धारावीत वसली. तेव्हा ती शहराची कडच होती. आज तीच कड शहराच्या मध्यावर आली आहे, आणि पुनर्विकासात आपलं काय होणार ही काळजी तिथल्या घराघरात आहे.

मागे दिवाळीआधी पणत्या आणायला मी तिथे गेले होते. माहीमला उतरून टॅक्सीने. पुढे दुकान, मागे घर, आणि मधल्या जागेत कित्येक कुटुंबांत मिळून एक भट्टी. चिंध्या, कापसाचा कचरा असं जळण, आणि डोळ्यांत जाणारा धूर. माती पुरुष चाकावर घेतात हे खरं, पण मळणं, वाळवणं, रंगवणं ह्यात बायकामुलं असतातच. एकट्याचं काम नव्हेच ते. आम्हाला रविवारी पैसे भरून जो शेजार मिळाला, तो तिथे रोजच्या पोटापाण्याचा भाग आहे. मनःशांती त्यांना मिळते की नाही, हे मात्र त्या धुरात उभं राहून विचारायचा मला धीर झाला नाही.

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. मडकी थापटायच्या थापटण्याने त्यांनी संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं ठरवलं. ही गोष्ट मी दरवर्षी सांगायची, पोरं मन लावून ऐकायची. तोही ऐकत असेल. हात बाकाखाली.

असो. माझी वाटी वाळते आहे, पुढच्या महिन्यात भाजून मिळेल. थोडी वाकडी झाली आहे.

माझे काही विद्यार्थी हे वाचतात. तो आता पन्नाशीला आला असेल. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, पण त्या वर्गातल्यांना ते आठवेल. कुणाच्या संपर्कात असेल तर त्याला एवढंच सांगा, की बाईंची नखं तीन दिवस झाले तरी स्वच्छ झाली नाहीत, आणि बाईंना त्याला भेटायचं आहे.