भौमितिक ठळक टंक आणि देवनागरी पाटी

बोरूच्या तिरप्या टोकामुळे देवनागरीस रेषेची जाड-बारीक लय लाभली. उलट वर्तुळ व सरळ रेषा यांवर रचलेला ‘फ्युचुरा’ हा रोमन टंक पाउल रेनर यांनी १९२७ साली सिद्ध केला. त्या जातीच्या, जवळजवळ एकाच जाडीच्या ‘पॉपिन्स’ची (२०१४) देवनागरी अक्षरे निनाद काळे यांची होत. ठळकपणा वाढविला तरी रोमन ‘ओ’ मोकळा राहतो. ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांची पोकळी मात्र बुजू लागते. २०२२ च्या दुरुस्तीने दुकानांच्या पाट्यांवरील मराठी अक्षर इतर लिपीहून लहान नसावे, असे ठरले. पालघर, बोईसर-तारापूर येथील बाजारपेठाही त्यात आल्या. पण उंची वरच्या मात्रेसह मोजल्यास मूळ अक्षर खुजेच उरते. मोजणी शिरोरेषेपासून व्हावी, हे आम्हांस अधिक न्याय्य वाटते.