मेजावरील हिरवाई

इंग्रजांच्या मेजवानीच्या मेजावर मधोमध दिसणारी पानाफुलांची आरास ही केवळ हौस नव्हे. अन्न वाढण्याची पद्धत पालटली, म्हणून तिला तेथें जागा मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत फ्रेंच चालीप्रमाणें अनेक पक्वान्नें एकाच वेळीं मेजावर मांडीत. शतकाच्या मध्यास रशियन चाल रूढ होऊं लागली. तींत नोकर एकामागून एक पदार्थ पाहुण्यांपुढें आणीत. साहजिकच मेजाचा मध्य मोकळा राही. तो कशानें भरावा, हा प्रश्न उभा राहिला.

१८६१ सालीं लंडन येथें रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या प्रदर्शनांत टी. सी. मार्च या गृहस्थांस मेजाच्या सजावटीचें पहिलें पारितोषिक मिळालें. त्यांची रचना साधी होती. काचेच्या थाळ्या एकीवर एक, मध्यें बारीक दांडी, आणि थाळ्यांत नेच्याचीं पानें व नाजूक फुलें. दांडी बारीक असल्यामुळें समोरासमोर बसलेल्यांस एकमेकांचे चेहरे दिसत, हा तिचा खरा गुण. पुढें मात्र श्रीमंतांच्या मेजावर काचगृहांत वाढविलेल्या महागड्या फुलांस मान मिळूं लागला.

ही रीत मोडली ती एका शिक्षिकेनें. कॉन्स्टन्स स्प्राय (१८८६–१९६०) या लंडनमधील कामकरी किशोरांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. १९२९ सालीं त्यांनीं तेथेंच फुलांचें दुकान काढलें. कुंपणावरील वेली, रानगवत, इतकेंच नव्हे तर भाजीच्या मळ्यांतील केल नांवाच्या कोबीचीं पानें त्यांनीं गुलाबांच्या पंक्तीस बसविलीं. तारेची जाळी चुरगाळून भांड्यांत दडविली कीं देंठ हवा तसा कलता ठेवतां येई. त्यासाठीं खर्चहि फारसा पडत नसे. १९५३ सालीं राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकप्रसंगीं पुष्परचनेचें काम याच बाईंकडे आलें.

तरीहि या कलेच्या योग्यतेविषयींचा वाद मिटला नाहीं. २००४ सालीं लंडनच्या डिझाईन म्यूझियमनें स्प्राय यांच्या कार्याचें प्रदर्शन भरविलें, तेव्हां संस्थेचे अध्यक्ष जेम्स डायसन यांनीं राजीनामा दिला. गंभीर रचनाशास्त्र सोडून संस्था दिखाऊपणाकडे वळली, असा त्यांचा आक्षेप होता. परंतु श्रोत्यांनीं मार्च यांची ती बारीक दांडी आणि स्प्राय यांची चुरगाळलेली जाळी आठवावी. पाहुण्यास पाहुणा दिसावा आणि गरिबाच्या परसांतील पानासहि मेजावर स्थान मिळावें, एवढ्यासाठीं योजलेली युक्ति निव्वळ दिखाऊ म्हणतां येईल काय?